सेरिओचं पाणी धरून: 'कॉल मी बाय युअर नेम'च्या गावांना जायचं कसं

सिनेमा सुरू होतो तेव्हा पडद्यावर ठिकाणाचा पत्ता म्हणून एवढंच येतं: १९८३चा उन्हाळा, उत्तर इटलीत कुठेतरी. गावाचं नाव नाही. सिनेमा संपल्यावर आपल्यातले कितीतरी जण नकाशा उघडून बसतात, आणि ज्यांनी आंद्रे असिमानची मूळ कादंबरी वाचली आहे ते हमखास किनाऱ्यावर शोधत राहतात, कारण कादंबरीत समुद्र आहे. दिग्दर्शक लुका ग्वादान्यिनो याने गोष्ट समुद्रावरून उचलली आणि स्वतः राहत होता त्या क्रेमा गावात आणली. लोंबार्दीतलं, मिलानच्या आग्नेयेला साधारण ४५ किलोमीटरवरचं हे गाव. २०१६च्या मे-जूनमध्ये तिथे आणि आसपास शूटिंग झालं.

समुद्र गेला, पण पाणी राहिलं. तळं, झरा, धबधबा, सरोवर, सगळं सिनेमात आहे. मी गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं की यातली बरीचशी ठिकाणं एकाच नदीच्या खोऱ्यात आहेत. ती नदी म्हणजे सेरिओ. बर्गामो शहराच्या वरच्या डोंगरात उगम पावते, क्रेमाच्या कडेने वाहते आणि पुढे आद्दा नदीला मिळते. एकदा ती मनात बसली की वेळापत्रक आपोआप लागत जातं. मिलानहून सकाळी यायचं, चौकात फोटो काढायचे आणि संध्याकाळी परतायचं, असा प्रवास कृपा करून करू नका. हा सिनेमा दुपारच्या आळसाचा आहे. तीन रात्री क्रेमात आणि दोन बर्गामोत, एवढं तरी स्वतःला द्या.

निघण्याआधी

सिनेमा पुन्हा एकदा पाहा, या वेळी वही घेऊन. प्रत्येक प्रसंगापुढे लिहा: सायकल, रेल्वे की बस. क्रेमाच्या चौकातले प्रसंग पायी होतात. मोस्कात्सानोचा वाडा, रिचेंगोचं तळं, फारिनातेचा झरा आणि पांदिनोचा चौक ही सायकलची ठिकाणं. बर्गामो, सिर्मिओने आणि पित्सिगेत्तोने यांना रेल्वे लागते, आणि धबधब्यासाठी वेगळा दिवस काढावा लागतो.

फोटो काढणाऱ्यांसाठी एक सांगते. छायाचित्रकार सायोम्बू मुकदीप्रोम याने अख्खा सिनेमा एकाच ३५ मिलिमीटर लेन्सने टिपला आहे. फोनचा नेहमीचा कॅमेरा त्याहून बराच रुंद बघतो, म्हणून तुमचे फोटो 'तसे' दिसत नाहीत. फोनवर दुप्पट झूम लावा आणि पावलांनी मागे-पुढे व्हा. फरक लगेच कळेल.

आपल्या बाजूने या सिनेमाशी एक धागा आहे, तोही जाता जाता सांगते. पटकथा जेम्स आयव्हरी यांची. मुंबईत जन्मलेल्या इस्माईल मर्चंट यांच्याबरोबर त्यांनी ज्या चित्रसंस्थेचा संसार केला, तिची सुरुवात भारतातल्या सिनेमांनी झाली. या पटकथेसाठी २०१८ साली त्यांना ऑस्कर मिळालं, तेव्हा ते ८९ वर्षांचे होते.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकत्र असतो तो, लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, म्हणून जूनचं जाणं असेल तर फेब्रुवारीतच कागद गोळा करायला लागा. प्रौढांचं शुल्क ९० युरो आहे. सेवाकेंद्राचे पैसे वेगळे. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा, आणि पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू असावा. प्रवासाच्या आराखड्यात सात गावं लिहू नका. 'क्रेमा, मग बर्गामो' असे दोनच मुक्काम दाखवा, बाकी सगळं त्या दोन ठिकाणांहून होतं. कागदही सुटसुटीत राहतात.

कधी जायचं

मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा मध्य. शूटिंगचे महिनेही हेच, आणि आपल्याकडे मुलांच्या सुट्ट्या असतात. सिनेमात दिसतं तसं कोरडं पिवळं ऊनच रोज मिळेल असं मात्र धरून चालू नका. शूटिंगच्या दिवसांत पाऊस भरपूर पडला होता. हलका रेनकोट घ्या. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपार झोपेत घालवून पाच वाजता सायकल काढली तरी चार तास हातात राहतात.

जुलै-ऑगस्टमध्ये पो नदीचं हे खोरं तापतं आणि दमट होतं. कोकणातला मे आठवेल. कालवे आणि भिजवलेली शेतं असल्यामुळे संध्याकाळी डास येतात. ओडोमॉस इथूनच घेऊन जा. १५ ऑगस्टच्या आगेमागे गावं सुट्टीवर जातात, दुकानं बंद असतात. तो आठवडा टाळा.

क्रेमाला पोहोचणं

मिलानहून क्रेमाला जायला बहुतेक वेळा त्रेविल्यो स्टेशनवर गाडी बदलावी लागते. सगळा मिळून साधारण तासाभराचा प्रवास आहे. या प्रादेशिक गाड्या आहेत. आरक्षण नसतं, भाडं ठरलेलं असतं, आधी काढून स्वस्त मिळत नाही. कागदी तिकीट घेतलंत तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात त्यावर वेळेचा शिक्का मारून घ्या. तिकीट असूनही दंड भरणारे प्रवासी असतात, ते याच कारणाने. तुमचं विमान बर्गामोच्या विमानतळावर उतरणार असेल तर त्याचं नाव नीट वाचा: ओरिओ अल सेरिओ. नदी इथपासूनच सोबत आहे.

स्टेशनातून बाहेर पडून गावाकडे चालत निघालात की पंधराएक मिनिटांत पोर्ता सेरिओ ही जुनी वेस लागते, आणि तिच्या आतून सरळ रस्ता चौकात जातो. बॅग जड असली तरी हे अंतर चालतच जा. रस्ता अरुंद होत होत एकदम उघडतो आणि समोर विटांचं कॅथेड्रल उभं राहतं. त्या क्षणासाठी टॅक्सी नको.

चौक

पियात्सा देल दुओमो. सिनेमातलं कॅफेचं टेबल इथलं, आणि ज्या कमानीखालून सायकली जातात तो तोरात्सोही इथलाच. पहिल्या संध्याकाळी एवढंच करा. खुर्चीत बसा, काहीतरी मागवा, तासभर उठू नका. इटलीत उभ्याने काउंटरवर कॉफी प्यायली तर स्वस्त पडते, चौकात बसून प्यायली तर जागेचेही पैसे लागतात. इथे ते द्यावेत.

बसल्या बसल्या कॅथेड्रलचा दर्शनी भाग बघा. तो मागच्या छतापेक्षा उंच आहे, आणि त्याच्या वरच्या खिडक्यांतून चक्क आकाश दिसतं, कारण त्यांच्या मागे इमारतच नाही. वाऱ्यावर उभी असलेली भिंत म्हणतात तिला. ११६० साली बार्बारोसा सम्राटाने वेढा घालून क्रेमा उद्ध्वस्त केलं. आज दिसणारं कॅथेड्रल त्यानंतरचं, १२८४ ते १३४१ या काळात बांधलेलं. पुढे १४४९पासून साडेतीनशे वर्षं गाव व्हेनिसच्या ताब्यात होतं. मिलान एवढं जवळ असूनही गावाचा तोरा वेगळा वाटतो, तो यामुळे.

चौकातच पर्यटकांसाठी माहिती केंद्र आहे. पहिल्या दिवशीच तिथे जा आणि सायकलच्या वाटांचा नकाशा मागा. मोबाइलचा नकाशा तुम्हाला मोठ्या रस्त्यावर नेतो. कालव्याकडेच्या कच्च्या वाटा कागदी नकाशावर बऱ्या दिसतात.

सायकलचे दोन दिवस

बरीच घरगुती निवासस्थानं पाहुण्यांसाठी सायकली ठेवतात. खोली घेतानाच विचारा. मुलूख ताटासारखा सपाट आहे, गिअरची गरज पडत नाही. कुलूप, पुढचा-मागचा दिवा आणि पंक्चरचं सामान हे तिन्ही तपासूनच बाहेर पडा. गावाबाहेर अंधारात सायकल चालवताना चमकणारं जाकीट घालणं कायद्याने सक्तीचं आहे, तेही मागून घ्या.

पहिल्या दिवशी दक्षिणेला मोस्कात्सानो. सात-आठ किलोमीटर, सावकाश गेलात तरी पाऊण तास. सिनेमाचा नायक एलिओ याच्या कुटुंबाचं घर, म्हणजे विल्ला अल्बेर्गोनी, इथे आहे. ती खासगी मालमत्ता आहे आणि सिनेमानंतर तिच्या फाटकासमोर जगभरातून माणसं येऊन उभी राहतात. २०१८ मध्ये ती विक्रीला निघाली तर त्याचीही बातमी झाली. तुम्ही रस्त्यावरून बघा, फाटकापाशी थोडा वेळ थांबा, भिंतीवर चढू नका, घंटा वाजवू नका आणि ड्रोन तर मुळीच उडवू नका. मला आत जायला मिळालं नाही याचं वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. त्या घराकडे नेणारा, दोन्हीकडे मका उभा असलेला रस्ता हाच मला सिनेमाच्या सगळ्यात जवळचा वाटला.

सकाळी लवकर निघा, हे मी अनुभवाने सांगते. परतताना दुपारी एकला माझ्या सायकलचं मागचं चाक बसलं. गावात चिटपाखरू नव्हतं. साडेबारा ते साडेतीन खेड्यातली दुकानं बंद, खिडक्यांच्या झडपा ओढलेल्या. तीन किलोमीटर सायकल ढकलत आणली आणि बाटलीतलं पाणी अर्ध्या वाटेतच संपलं. सिनेमात एलिओ आणि ज्याच्यावर त्याचं प्रेम जडतं तो पाहुणा ऑलिव्हर एका म्हातारीच्या दारात पाणी मागायला थांबतात तो प्रसंग मला त्या दिवशी अंगावर आल्यासारखा आठवला. दोन लिटर पाणी बरोबर ठेवा.

दुसऱ्या दिवशी उत्तरेला जा. रिचेंगोजवळ लागेत्तो देई रिफ्लेस्सी, प्रतिबिंबांचं तळं, सिनेमातल्या पोहण्याचं. नावाप्रमाणे सकाळी वारा नसताना पाहावं. नंतर काप्राल्बाच्या हद्दीतल्या फारिनाते या वाडीकडे वळा. इथला फोंतानिले क्वारांतिना म्हणजे एलिओची गुपित जागा; तो ऑलिव्हरला दाखवायला आणतो ती.

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण क्रेमाला जाऊन फोंतानिले न समजता परतणं म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागा न पाहणं. आल्प्सच्या पायथ्याशी जमीन खडी-गोट्यांची आहे, पाऊस आणि वितळलेलं बर्फ तिच्यात झिरपतं. ते पाणी जमिनीखालून दक्षिणेकडे सरकतं. क्रेमाच्या आसपास मातीचा पोत बारीक, चिकण होतो. पाण्याला पुढे वाट मिळत नाही आणि ते वर उसळतं. मध्ययुगापासून इथल्या लोकांनी अशा जागा खणून, त्यांना तोंड करून, पाणी पाटाने शेतात नेलं. हेच फोंतानिले. पाणी खोलातून येत असल्यामुळे त्याचं तापमान वर्षभर फारसं बदलत नाही. उन्हाळ्यात हात घातला तर बोटं बधिर होतात, आणि कडाक्याच्या थंडीत तेच पाणी गवत गोठू देत नाही. एलिओ सांगतो की हे पाणी ओरोबीच्या, म्हणजे बर्गामोच्या वरच्या, डोंगरातून येतं. मुलगा उगाच बढाई मारत नसतो; तो आपल्या मातीचा भूगोल सांगत असतो, आणि ज्याच्यावर प्रेम जडलंय त्याला सांगायला त्याच्याजवळ याहून मोलाचं काही नसतं.

झऱ्यात उतरू नका. काठ भुसभुशीत आहेत, पाणवनस्पती नाजूक आहेत आणि ते पाणी कुणाच्या तरी पिकाचं आहे. रिचेंगोच्या तळ्यातही पोहण्याचा मोह आवरा. काठावर बसून पाय सोडलेत तरी पुरे. थकला असाल तर काप्राल्बाला रेल्वे स्टेशन आहे, तिथून गाडीने क्रेमाला परतता येतं. सायकलसाठी वेगळं तिकीट काढावं लागतं.

पांदिनो पश्चिमेला तेराएक किलोमीटरवर आहे आणि मधला मोठा रस्ता ट्रकांचा आहे. सायकलची सवय नसेल तर बसने जा, फक्त रविवार टाळा, त्या दिवशी बस क्वचितच मिळते. पहिल्या महायुद्धाच्या स्मारकाभोवती एकजण एका बाजूने, दुसरा दुसऱ्या बाजूने फिरतो आणि मधल्या अंतरात मनातलं बोलून टाकतो, तो प्रसंग इथल्या चौकातला. कॅमेरा न तोडता घेतलेला. तुम्ही तसेच चालून बघा, म्हणजे कळेल की पलीकडच्याचा चेहरा किती वेळ दिसत नाही. शेजारी मिलानचा सत्ताधीश बेर्नाबो व्हिस्कोंती याने चौदाव्या शतकात बांधलेला किल्ला आहे, भिंतींवर जुन्या भौमितिक नक्षीचे रंग अजून टिकलेले. पांदिनोत दूध-चीजचं शिक्षण देणारी शाळाही आहे.

ताटात काय

तोर्तेल्ली क्रेमास्की खाल्ल्याशिवाय क्रेमा सोडू नका. दिसायला छोट्या मुरडीच्या करंज्यांसारखे, पण उकडलेले आणि वर लोणी-चीज. आतलं सारण गोड: बदामी स्वादाची आमारेत्ती बिस्किटं, बेदाणे, साखरेत मुरवलेलं महाळुंग, मसाल्याचं एक बिस्कीट आणि चीज. पहिला घास गोंधळात टाकतो. मोदकावर तूप सोडणाऱ्या माणसाला दुसरा घास लगेच समजतो. मांस नसतं, पण काटेकोर शाकाहारी असाल तर ग्राना चीजमध्ये वासराचं रेनेट, म्हणजे दूध फाडायला वापरतात तो वासराच्या पोटातला रस, असतं हे लक्षात असू द्या. साल्व्हा हे इथलं चीज लोणच्यातल्या हिरव्या मिरच्यांबरोबर खातात. आपल्या जिभेला ते पटकन रुचतं.

बर्गामो आणि धबधबा

चौथ्या दिवशी त्रेविल्योला गाडी बदलून बर्गामोला जा. जुना गाव टेकडीवर, तिथे फ्युनिक्युलर, म्हणजे चढावर दोराने ओढली जाणारी गाडी, नेते. सांता मारिया माज्जोरे चर्चच्या अवतीभवतीच्या गल्ल्या आणि सार्पी शाळेसमोरचा पियात्सा रोसाते, ही रात्रीच्या नाचाची जागा. दिवसा इथे गर्दी असते. जेवून झाल्यावर, दहाच्या पुढे जा. मुक्काम बर्गामोत करा असं मी म्हणते ते याच एका रात्रीसाठी.

धबधब्याची तारीख मात्र सगळ्यात आधी ठरवा, विमानाच्या तिकिटाच्याही आधी. वालबोंदिओने गावावरचा सेरिओचा धबधबा तीन टप्प्यांत ३१५ मीटर कोसळतो. पण वर बार्बेल्लिनोचं धरण १९३१ पासून आहे, आणि पाणी वर्षातून फक्त पाच वेळा, जून ते ऑक्टोबर या काळात, अर्धा तास सोडतात. बाकी दिवस समोर ओला कडा असतो. तारखा दरवर्षी जाहीर होतात. त्यातली एखादी तुमच्या सहलीत बसत असेल तर सगळं तिच्याभोवती लावा. बर्गामोहून बसने दोन तास धरा, गावातून समोरच्या वाटेने दीड तासाची चढण, चांगले बूट हवेत. पाणी सुटण्याच्या वेळेआधी तासभर जागा धरून बसा. सिनेमातले ते दोघे ओरडत वर पळतात. पाणी सुटल्यावर तुम्हीही ओरडाल, कारण शेजारच्याशी बोलायचं तर दुसरा इलाज नसतो.

सरोवरातून पुतळा वर काढतात तो सिर्मिओनेचा प्रसंग वेगळ्या दिवशी ठेवा. देसेन्झानो स्टेशनपर्यंत रेल्वे, पुढे बस. 'कातुल्लोच्या गुहा' असं नाव असलं तरी त्या गुहा नाहीत. रोमन काळातल्या प्रचंड वाड्याचे अवशेष आहेत. झाडोऱ्यात बुडालेल्या कमानी पूर्वीच्या लोकांना गुहा वाटल्या, नाव तसंच राहिलं. ऑलिव्हच्या झाडांतून खाली सपाट खडक आणि गार्दा सरोवराचं पाणी दिसतं. ते आठवड्यातून ज्या दिवशी बंद असतात तो दिवस टाळून निघा.

निरोपाचं स्टेशन

सिनेमात स्टेशनवर पाटी आहे क्लुसोनेची. ती पाहून क्लुसोनेला जाऊ नका. तिथली रेल्वे १९६७ मध्येच बंद झाली. तो प्रसंग पित्सिगेत्तोनेच्या स्टेशनवर चित्रित झाला. क्रेमाहून क्रेमोना, तिथे गाडी बदलून कोदोन्यो मार्गावर हे छोटं स्टेशन आहे.

गावही पाहण्यासारखं आहे. आद्दा नदीच्या दोन्ही काठांवर तटबंदी, आणि पाव्हियाच्या लढाईनंतर १५२५ मध्ये फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस कैदेत होता तो बुरूज. पुलावर उभे राहा. सेरिओ वर मोंतोदिनेच्या खाली आद्दाला मिळालेली असते, म्हणजे वालबोंदिओनेच्या कड्यावरून सुटलेलं पाणी क्रेमाला वळसा घालून आता तुमच्या पायाखालून पो नदीकडे चाललेलं असतं.

मग स्टेशनवर या. बाकावर बसा. एलिओ घरी फोन लावून आईला न्यायला बोलावतो, तसं कुणी येणार नाही, आणि इथे थांबणाऱ्या गाड्या थोड्या आहेत. परतीच्या गाडीची वेळ क्रेमोनातच लिहून घ्या.